ओसरीवरून : न केलेल्या अपराधाचें चलान

गेल्या थंडींत, चिकूची तोड जोरांत चालू असतांना, एके सकाळीं आमच्या वाडीच्या टेंपोवर दोन हजार रुपयांचें ई-चलान आलें. टेंपो माझ्या पुतण्याच्या नांवावर आहे. वाडीचा कारभारहि तोच पाहतो. चहा घेतां घेतां त्यानें मोबाइल वाचला व कपाळाला आठी घालून म्हणाला, "काका, गाडी अतिवेगानें हांकल्याबद्दल दंड झाला आहे. ठिकाण मुंबईजवळच्या शहराचें आहे. आपली गाडी तिकडे गेली केव्हां?"

त्या दिवशीं गाडी डहाणूहून तलासरीमार्गें वापीस माल घेऊन गेली होती, निदान जावयाची होती. हांकणारा तलासरी तालुक्यांतील एका पाड्यावरचा वारली गृहस्थ. अकरा वर्षें तो आमच्याकडे आहे. त्याला बोलावून विचारलें तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "मास्तर, मी तिकडे गेलोंच नाहीं." पुतण्यानें छापील वेळ, तारीख आणि गाडीचा क्रमांक वाचून दाखविला. गडी क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "तर मग पगारांतून कापा."

मला येथें एक कबुली दिली पाहिजे. त्या क्षणीं मीहि मनांत धरून बसलों कीं, यानें कोणाचें तरी भाडें मारलें असावें. यंत्र खोटें बोलेल हें मनांत आलें नाहीं. माणूस खोटें बोलेल हें मात्र सहज आलें. आणि "पगारांतून कापा" हे त्याचे शब्द मला अपराधाची कबुली वाटले. चाळीस वर्षें वर्गांत मुलांच्या तक्रारी सोडविलेल्या माणसाला हें शोभत नव्हतें. कबूल करणारा प्रत्येक मुलगा अपराधी नसतो, कित्येकदां तो नुसता थकलेला असतो, हें मला ठाऊक असावयास हवें होतें.

दुपारीं सूनबाईंनीं तो मोबाइल मागून घेतला. ई-चलानाबरोबर छायाचित्र असतें, तें महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर उघडून पाहतां येतें. आमच्यापैकीं कोणीहि तें उघडलें नव्हतें! त्यांनीं तें मोठें करून माझ्यापुढें धरलें. "मामंजी, हा आकडा आठ आहे कां तीन?" चष्मा पुसून पाहिलें. आमच्या टेंपोचा क्रमांक एम. एच. ४८ नें सुरू होतो. हा वसईच्या परिवहन कार्यालयाचा अंक, आणि डहाणू-तलासरीकडील नव्या गाड्यांवर तोच असतो. चित्रांतील पाटीवर जो अंक होता तो ४३, म्हणजे वाशीचा. पुढचीं अक्षरें व चारहि आंकडे जुळत होते. रंगहि पांढराच. परंतु त्या गाडीवर ताडपत्रीची उंच कनात होती. आमची गाडी उघडी आहे व तिच्या कपाळावर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचें नांव तांबड्या अक्षरांत मोठ्या थाटानें रंगविलेलें आहे.

त्या दिवशीं घरांत पुतण्याचें व माझें जेवण नीट झालें नाहीं.

आतां मूळ प्रश्न असा कीं, अशा वेळीं करावयाचें काय? पुतण्याचें म्हणणें व्यवहारी होतें. "काका, गड्याचा पगार मी कापीत नाहीं. पण दोन हजारांसाठीं चार दिवस कोण फिरणार? भरून टाकूं." सुशिक्षित घरांतून दहांपैकीं नऊ वेळां हेंच उत्तर येत असावें. मला तें पटलें नाहीं. आणि कां पटलें नाहीं हें सांगावयास मला थोडें आमच्या जुन्या शास्त्रांत जावें लागेल. वाचकांनीं क्षमा करावी. म्हाताऱ्या मास्तराची खोड आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत आणि तिच्यावरील मिताक्षरा टीकेंत खटल्याचे चार पाद सांगितले आहेत : वादीची भाषा, प्रतिवादीचें उत्तर, प्रमाण आणि निर्णय. पैकीं उत्तर चार प्रकारचें असतें. पहिलें सत्योत्तर, म्हणजे "होय, मीं केलें." दुसरें मिथ्योत्तर, "मीं केलेंच नाहीं." तिसरें कारणोत्तर, "केलें खरें, पण त्यास कारण होतें." आणि चौथें प्राङ्न्याय, "या गोष्टीचा निवाडा पूर्वींच झालेला आहे." हजार वर्षांपूर्वींची ही विभागणी आजच्या चलानास अशी चपखल बसते कीं आश्चर्य वाटावें. गाडी आपली नव्हेच, तर मिथ्योत्तर. रुग्णवाहिकेस वाट देण्यासाठीं तांबडा दिवा ओलांडला, तर कारणोत्तर. हेंच चलान मागें भरलेलें आहे व पुन्हां आलें, तर प्राङ्न्याय. मनुष्याचें अर्धें काम आपलें उत्तर यांपैकीं कोणतें हें नक्की करण्यांत होतें. तक्रारींत तीन प्रकारांची खिचडी केली म्हणजे ("गाडी माझी नव्हती, आणि असली तरी वेग फार नव्हता") वाचणाराचा विश्वास उडतो.

याहूनहि मोलाची गोष्ट पुढें आहे. प्रतिवादी मिथ्योत्तर देतो तेव्हां सिद्ध करण्याचा भार वादीवर. कारणोत्तर किंवा प्राङ्न्याय सांगतो तेव्हां तो प्रतिवादीवर. म्हणजे "मीं केलें नाहीं" म्हणणाऱ्यानें आपलें निरपराधित्व सिद्ध करावयाचें नसून, "तूं केलेंस" म्हणणाऱ्यानें तें दाखवावयाचें. आजच्या फौजदारी कायद्याचें तत्त्वहि हेंच आहे. व्यवहारांत मात्र चलान आलें कीं पुराव्यासाठीं धांवावें लागतें तें गाडीच्या धन्याला. आणि पैसे भरणें म्हणजे काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या २०० व्या कलमाखालीं तडजोडीची रक्कम भरली कीं प्रकरण तेथेंच संपतें. सोय मोठी आहे. पण मग "मीं केलें नव्हतें" असें म्हणावयास जागा उरत नाहीं. आमच्या घरापुरतें बोलावयाचें तर, आम्ही पैसे भरले असते तर गड्यानें गाडी पळविली असें कायमचें लिहून दिल्यासारखें झालें असतें. पगार न कापून त्याच्यावर उपकारहि केला असता. तें मला नको होतें.

गाडीविषयींच बोलावयाचें तर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडी, गाडीवान व गाडीचा धनी या तिघांच्या दंडाचे श्लोक आहेत. या ग्रंथाचें दहन १९२७ सालीं महाडास झालें, आणि जातीप्रमाणें दंड कमीजास्त सांगणारा ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचावा असें माझेंहि मत नाहीं. परंतु हे श्लोक वाचण्यासारखे आहेत. दहा प्रसंगीं गाडीवाल्यास दंड नाहीं : वेसण तुटली, जूं मोडलें, गाडी आडवी गेली किंवा मागें फिरली, आंस मोडला, चाक मोडलें, बांधणीच्या वाद्या, जोतें वा कासरा तुटला, अथवा "बाजूला हो" असें गाडीवान ओरडला होता. गाडीवान अडाणी असेल आणि त्यामुळें इजा झाली तर दोनशें पण दंड धन्याला. गाडीवान कसबी असेल तर त्याला स्वतःला. आणि अडाणी गाडीवानाच्या गाडींत जाणून बसणाऱ्या उतारूंनाहि शंभर शंभर! आपल्याकडील २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना नसलेल्याच्या हातीं गाडी देणाऱ्या धन्यास पांच हजारांचा दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, आणि अल्पवयी मुलानें अपराध केल्यास पालकास वा धन्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड आहे. बारावींतल्या नातवाच्या हातांत चावी देणाऱ्या आजोबांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

असो. आतां आम्हीं काय केलें तें सांगतों.

प्रथम तक्रार नोंदविली. महाट्रॅफिकवर चलानाविरुद्ध तक्रार करण्याची सोय आहे. पुतण्यानें घाईनें लिहिलें : "ही गाडी आमची नाहीं, कृपया चलान रद्द करावें." थोड्याच दिवसांत एका ओळीचें उत्तर येऊन तक्रार बंद झाली. पुतण्या संतापला, मला तें उत्तर अगदींच अन्यायाचें वाटलें नाहीं. रोज शेंकडों तक्रारी पाहणारा मनुष्य, त्याच्यापुढें पुराव्यावांचून एक वाक्य! शाळेंत आम्हीहि असे अर्ज बाजूला सारीत असूं.

दुसरी तक्रार मीं लिहिली. तींत रागाचा एकहि शब्द नव्हता. चलानाचा क्रमांक, तारीख, वेळ. मग छायाचित्रांतील पाटीवर ४३ आहे, ४८ नव्हे, हें एक वाक्य, आणि तोच भाग मोठा करून जोडलेला. मग आमच्या टेंपोचीं समोरून, बाजूनें व मागून काढलेलीं चित्रें, महालक्ष्मीच्या नांवासकट. नोंदणीपुस्तकाची प्रत. आणि शेवटीं दोन कागद, जे मिळविण्यासाठीं गडी स्वतः तलासरीस व वापीस गेला : तलासरीच्या पंपावरील डिझेलची पावती व वापीच्या व्यापाऱ्याची वजनाची चिठ्ठी. दोन्हींवर यंत्रानें छापलेली वेळ होती. वजन अकरा वाजून दहा मिनिटांनीं झालें. चलानावरील वेळ अकरा चाळीस. मध्यें दीडशें किलोमीटरांहून अधिक अंतर. हें अंतर आमच्या टेंपोनें अर्ध्या तासांत तोडलें असेल तर त्याचा वेग ताशीं तीनशेंच्या वर गेला, आणि मग दोन हजारांचा दंड फारच थोडा झाला, असें लिहिण्याचा मोह मला झाला होता. सूनबाईंनीं तें वाक्य खोडावयास लावलें.

ज्यांचें चलान यांत्रिक कॅमेऱ्याचें आहे त्यांनीं नियम १६७ अ माहीत करून घ्यावा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो २०२१ च्या ऑगस्टांत घातला गेला. त्याप्रमाणें अपराधाची नोटीस पंधरा दिवसांच्या आंत पाठविली पाहिजे. चित्रांत अपराध व पाटी स्पष्ट दिसली पाहिजे. यंत्रानें मोजलेला आंकडा, स्थळ, दिनांक व वेळ, आणि कोणत्या कलमाचा भंग झाला तें दिलें पाहिजे. यंत्राला मान्यतेचें प्रमाणपत्र पाहिजे व तें दरवर्षीं नवें करून घेतलें पाहिजे. कॅमेरा आहे अशी पाटी रस्त्यावर आधीं लावलेली पाहिजे. चलानाचा निकाल लागेपर्यंत ती नोंद जपून ठेवणेंहि बंधनकारक आहे. हीं कलमें तक्रारींत मोठ्या आवाजांत सांगूं नयेत. ज्या एका गोष्टींत उणीव असेल तेवढीच शांतपणें दाखवावी. आपल्याच क्रमांकाची खोटी पाटी कोणी दुसऱ्या गाडीस लावली आहे असें दिसलें तर मात्र गोष्ट निराळी. तेथें आधीं पोलीस ठाण्यांत फिर्याद द्यावी, कारण उद्यां त्या गाडीनें माणूस चिरडला तर पोलीस आपल्या दारीं येतील.

सगळा दोष यंत्राचा असतो असें नाहीं. हातांतील यंत्रानें पोलीस चित्र घेतो, क्रमांक कोणीतरी टंकतो. तिनाचा आठ व्हावयास किती वेळ लागतो? २०२५ च्या जुलैंत राज्यांतील मालवाहतूकदारांनीं ई-चलानाच्या पद्धतीविरुद्ध संप केला होता. पोलिसांनीं स्वतःच्या खासगी मोबाइलवर चित्र काढून चलान करूं नये असा आदेशहि त्याच महिन्यांत निघाला. म्हणजे तक्रार करणारे सारेच कज्जेदलाल नसतात, हें सरकारनेंहि मानलें म्हणावयाचें.

परदेशांतील दोन गोष्टी येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अमेरिकेंत सॅन डिएगो येथील दिमित्री क्रिउकोव्ह नांवाच्या भौतिकशास्त्रज्ञास थांब्याच्या पाटीपाशीं गाडी न थांबविल्याचा दंड झाला. त्यानें गणित मांडून दाखविलें कीं, बाजूला उभ्या असलेल्या पोलिसास गाडीचा खरा वेग दिसत नसून कोनीय वेग दिसतो. चटकन् थांबून चटकन् निघालेली गाडी, मध्यें क्षणभर दुसरी गाडी आड आल्यास, न थांबतां गेल्यासारखीच भासते. दंड टळला, आणि २०१२ च्या एप्रिलांत त्यानें तो निबंध प्रसिद्धहि केला. (आपल्या युक्तिवादांत एक उणीव आहे, ती वाचकांनीं शोधावी असेंहि तो म्हणाला, भूमितीच्या मास्तरांनीं अवश्य पाहावें.) दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ऑरेगॉन राज्यांत मॅट्स यार्लस्ट्रोम याच्या पत्नीस २०१३ सालीं तांबड्या दिव्याचें कॅमेऱ्यावरील चलान आलें. त्यानें दंडाची कुरकुर न करतां पिवळा दिवा किती सेकंद असावा याचें सूत्रच तपासलें व वळणाऱ्या गाडीस त्यांत पुरेसा वेळ धरलेला नाहीं असें दाखविलें. तेव्हां परवान्यावांचून अभियांत्रिकी केल्याबद्दल तेथील मंडळानें त्यालाच पांचशें डॉलर दंड ठोठावला! तो न्यायालयांत गेला, २०१८ सालीं जिंकला, आणि २०२० सालीं अमेरिकेच्या वाहतूक-अभियंत्यांच्या संस्थेनें त्या वेळेविषयींचें आपलें मार्गदर्शन सुधारलें. एका चलानापायीं सात वर्षें. आमच्या घरांत हें सांगितलें तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही आतां सात वर्षें घेणार कीं काय?"

तितकीं लागलीं नाहींत. पण दीड महिना कांहीं कळलें नाहीं, आणि मध्येंच मोबाइलवर लोकअदालतीची सूचना आली : प्रलंबित चलानें तेथें तडजोडीनें मिटवितां येतील. पुतण्याचे डोळे लुकलुकले. लोकअदालत ही १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याखालची उत्तम संस्था आहे, आणि ज्यानें अपराध केला आहे पण रक्कम जड जाते त्यानें तिचा जरूर लाभ घ्यावा. परंतु तेथें तडजोड होते, खरें कोण व खोटें कोण याचा निवाडा होत नाहीं. आणि तेथील निवाड्यावर अपीलहि नाहीं. सत्योत्तरवाल्यांचें तें ठिकाण. मिथ्योत्तरवाल्यानें तेथें अर्धी रक्कम भरून येणें म्हणजे अर्धा अपराध पदरांत घेणें होय. ज्याला "मीं केलें नाहीं" हेंच म्हणावयाचें आहे त्याचा मार्ग दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाचा. तेथें पोलिसांनीं आरोप सिद्ध करावयाचा असतो. केवळ दंडाच्या शिक्षेच्या अपराधांत न्यायालयानें दखल घेण्याची मुदत सहा महिन्यांची आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ती होती व १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि तशीच आहे. मात्र ही मुदत टळेल म्हणून स्वस्थ बसावें असा सल्ला मी देत नाहीं. चलान गाडीच्या नांवावर दिसत राहतें, आणि गाडी विकतांना किंवा कागद नवे करतांना नेमकें आडवें येतें.

आम्ही डहाणूच्या न्यायालयांत जाण्याच्या तयारीनें कागद लावीत होतों. त्यासाठीं गाडीच्या नांवावरील सर्व चलानें काढलीं, तेव्हां दुसरें एक निघालें. जुनें, आठ महिन्यांपूर्वींचें, चारोटीजवळचें : आसनपट्टा न बांधतां गाडी हांकल्याबद्दल. चित्र स्वच्छ होतें. गाडी आमची, महालक्ष्मीचें नांव ठळक, आणि चाकाशीं बसलेली मूर्ति पुतण्याची. गड्याला त्या दिवशीं ताप होता.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. चारोटीचें नांव निघालें म्हणजे आमच्या भागांत कोणी फारसें बोलत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं तेथल्या सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री मोटार-अपघातांत गेले; ते मागच्या आसनावर होते व त्यांनीं पट्टा बांधलेला नव्हता, असें तेव्हां सर्वत्र प्रसिद्ध झालें. अहमदाबाद महामार्गावर राहणाऱ्या आम्हां लोकांस पट्ट्याचें व वेगाचें महत्त्व कोणीं शिकवावें अशी स्थिति नाहीं; तरी शिकवावें लागतें. तें चलान पुतण्यानें त्याच रात्रीं भरलें. सत्योत्तर!

त्यानंतर आठवड्याभरांत पहिलें चलान रद्द झाल्याचा संदेश आला. कारण दिलें नव्हतें, दिलगिरीहि नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर मला तिची अपेक्षाहि नव्हती. पुतण्यानें गड्याला ओसरीवर बोलावलें, खुर्ची दिली, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "माझी चूक झाली." गडी खुर्चीवर बसला नाहीं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला व त्यानें विचारलें, "मग त्या दुसऱ्या गाडीवाल्याला आतां दंड होईल कां?" मीं म्हटलें, व्हावा. तो म्हणाला, "त्याच्या शेठानें त्याचा पगार कापला नाहीं म्हणजे झालें."

जातांना त्यानें त्या संदेशाची छापील प्रत मागितली. त्याला वाचतां येत नाहीं; पण पगार कापणार हें त्या दिवशीं त्यानें घरीं सांगितलेलें होतें. सूनबाईंनीं दोन प्रती काढून दिल्या.